उतारावरच्या कॉफीघरातली खुर्ची

वेतमावशीला दिसत नव्हतं, पण शहरात निवांत बसायचं कुठे, हे विचारायला लोक तिच्याकडेच यायचे. ते बरोबरही होतं. ती वेताच्या खुर्च्या विणायची. सहा वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि जाताना डोळे घेऊन गेला. पुढे अंधांच्या शाळेत एका मास्तरांनी तिच्या हातात वेताची भिजलेली साल दिली आणि म्हणाले, "पोरी, ही ओढून बघ. तुटेल म्हणून घाबरू नकोस, तीच तुला सांगेल कधी थांबायचं ते." तेव्हापासून चाळीस वर्षं ती साल ओढत आली होती. जुन्या वस्तीतल्या निम्म्या दुकानांत आणि खाण्याच्या जागांत माणसं जिच्यावर बसत, ती वीण मावशीच्या हातची होती.

"मावशी, कुठे बसायला जाऊ?" असं कोणी विचारलं की ती पदार्थांबद्दल एक अक्षर बोलायची नाही. म्हणायची, "खुर्ची मधोमध खचलेली असेल तर खुशाल जा. तिथे माणूस पाठ टेकून बसतो. पुढच्या काठाला खचलेली असेल तर समजावं, मालक डोक्यावर उभा राहून 'आणखी काही?' विचारतो."

तिच्या स्वतःच्या आवडत्या जागा तीन होत्या. पहिली बटणवालीची. दुकान कसलं, दोन इमारतींमधली बोळच ती. आत एक गिऱ्हाईक असलं की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतीला वरपासून खालपर्यंत छोटे खण, आणि प्रत्येक खणावर आत जे असेल त्यातलं एक बटण शिवलेलं. मावशी खणांवरून बोटं फिरवत आत जायची आणि बटणवाली म्हणायची, "अख्ख्या गावात माझ्या दुकानाची पाटी वाचणारी तू एकटीच." दुसरी घड्याळवाल्याची. त्याची कुठलीच दोन घड्याळं एकमेकांशी पटवून घेत नसत. दुपारचे बारा वाजायला तिथे चांगली पंधरा मिनिटं लागायची. कोणी हसलं तर तो म्हणायचा, "सगळी एकदम वाजली तर माणूस दचकेल. म्हणून एकेकाला सोडतो." आणि तिसरी जागा सूपवालीची. तळघरात, आठ पायऱ्या उतरून. रोज एकच पातेलं, एकच सूप, आणि ते कशाचं आहे हे ती मेली तरी सांगायची नाही. खाणाऱ्यानेच ओळखायचं. मावशी पहिल्या चमच्यात ओळखायची, म्हणून सूपवालीने तिला पैज लावायला कायमची बंदी केली होती.

घरी ती आणि तिची वहिनी, दोघीच. कुलूपवाल्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मावशीचं काम चालायचं: पाण्याची बादली, वेताच्या जुड्या, टोच्या, भोकांत सालीचे पदर अडकवून ठेवायच्या लाकडी खुंट्या. आतल्या खोलीत वहिनीचा स्वयंपाक आणि वहिनीची बडबड. वहिनीचं तोंड म्हणजे कात्री होती, पण मावशीच्या ताटात काय कुठे वाढलंय हे ती न चुकता सांगायची.

मावशीचा थोरला भाऊ, दादा, अकरा वर्षांपूर्वी गेला. नकाशे काढायच्या कचेरीत होता. लहानपणी भिंतीवरून पडून उजवा पाय अधू झाला होता, म्हणून बसायची त्याची एक तऱ्हा होती: सगळा भार डाव्या अंगावर, खुर्चीच्या पुढच्या काठाशी, डावी टाच खालच्या आडव्या दांडीवर अडकवलेली. आत्ता उठतो की मग, अशी बैठक. घरातली त्याची खुर्ची दर तिसऱ्या वर्षी डाव्या पुढच्या कोपऱ्यात तुटायची आणि मावशी ती विणताना त्याला बोल लावायची, "दादा, देवाने बैठक दिलीय ती पूर्ण वापर की!"

तो गेला तो रस्त्यात. कचेरीतून घरी यायच्या वाटेवर एक उतार होता. येताना तो चढ व्हायचा. त्या चढावर, एका भिंतीला टेकून बसलेला तो लोकांना सापडला. वहिनी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिने तेव्हा जमलेल्या लोकांना एकच गोष्ट विचारली होती, "कोणी जवळ होतं का हो?" कोणी नव्हतं. त्या दिवसापासून वहिनीने तो रस्ता टाकला. बाजारात जायला लांबचा वळसा घ्यायची, पण उतारावर पाय ठेवायची नाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. एक माणूस दारात आला. तोंडात गरम घास असल्यासारखा बोलत होता, शब्द गिळत गिळत.

"उतारावरचं कॉफीघर माझं. बाबा गेले मागच्या महिन्यात. खुर्च्यांची पार वाट लागलीय. मावशी, तुम्ही याल का?"

आतल्या खोलीत वहिनीची सुरी थांबली.

"येईन की," मावशी म्हणाली. "किती खुर्च्या?"

"नऊ." मग जरा वेळाने, "आठ खाली आहेत. एक माळ्यावर आहे. ती पण काढतो."

तो गेल्यावर वहिनी बाहेर आली. "काम आहे, तू जा. पण तिथलं काही मला येऊन सांगायचं नाही. कॉफी चांगली होती, हेसुद्धा नाही."

कॉफीघर उताराच्या मध्यावर होतं. आतली जमीन सपाट आणि बाहेरचा रस्ता तिरका, त्यामुळे लांबलचक खिडकीच्या एका टोकाला बसलं की बाहेरची पावलं कानाशी वाजायची आणि दुसऱ्या टोकाला बसलं की पार पायाखालून गेल्यासारखी. मावशीला हे फार आवडलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा कप ठरलेला असायचा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला, आणि एकाचा कप दुसऱ्याला द्यायची तिथे रीत नव्हती. भाजलेल्या कॉफीचा आणि जुन्या लाकडाचा वास. माणसं हळू बोलत. अशी जागा इतकी वर्षं आपल्याला माहीतच नव्हती, याचं तिला नवल वाटलं.

तिने तिथेच बसून पंधरवड्यात नऊच्या नऊ खुर्च्या विणल्या. माळ्यावरच्या खुर्चीला वीण म्हणून उरलीच नव्हती, नुसती भोकं आणि लोंबणारे पदर. ती विणून झाल्यावर कॉफीवाल्याने खिडकीच्या वरच्या टोकाला, भिंतीलगत ठेवली.

सहा आठवड्यांनी त्याचा निरोप आला. ती खुर्ची सैल पडली होती.

मावशीला राग आला. तिची वीण वर्षानुवर्षं हलत नसे. ती काठी टेकत उतार उतरून गेली, खुर्चीवर हात ठेवला, आणि खरंच, पुढच्या बाजूला चांगली ओंजळभर खळगी पडली होती.

"कोणी जाडजूड गिऱ्हाईक बसतं का रे रोज?"

"नाही मावशी."

"मग मुलं उभी राहत असतील वर चढून."

"इथे मुलं येत नाहीत."

तिने पदर बदलून दिले. दोष सालीचा असेल, असं स्वतःला समजावलं. महिना गेला आणि पुन्हा निरोप. या वेळी ती आत शिरली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. कॉफीवाला तिला त्या खुर्चीपाशी घेऊन गेला आणि तिचा हात खुर्चीच्या हातांवर ठेवला. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सुतळी ताणून बांधलेली होती. गाठ पक्की. सुतळीवर धूळ बसली होती, मऊ, एकसारखी. मधे कुठेही पुसलेली नाही.

"कधी बांधलीस?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी. कोणी बसलेलं नाही मावशी. एक दिवससुद्धा नाही."

मावशीने सुतळीखालून हात घातला. वीण खचली होती. तिच्या बोटांना बर्फाला लावल्यासारखं झालं आणि तिने हात मागे घेतला.

"घरी नेते," ती म्हणाली. "निवांत बघायला हवी."

हातगाडीवाल्याने खुर्ची घरी आणून टाकली. वहिनी बाजारात गेली होती. मावशी जमिनीवर बसली, खुर्ची समोर ओढली आणि सगळ्या अंगावरून हात फिरवायला लागली. आधी वीण. खळगी मधोमध नव्हती. डावीकडे होती, पुढच्या काठाशी. मग ती पायांकडे गेली; कॉफीघरात विणताना तिकडे हात गेलाच नव्हता. समोरची आडवी दांडी. दांडीच्या डाव्या भागात लाकूड झिजून गुळगुळीत खोबण पडली होती, अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी.

मावशीने अंगठा त्या खोबणीत बसवून बघितला. मग उठली, भिंत धरून कोपऱ्यात गेली. दादाची खुर्ची तिथे होती. अकरा वर्षांत तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, आणि वीण होती तशीच, ढोलकीसारखी ताठ. मावशी खाली वाकली. दांडीवर हात ठेवला. डावीकडे खोबण. तेवढीच रुंद, तेवढीच खोल, टाचेच्या बाजूला जरा तिरकी.

ती एका खुर्चीपाशी गेली, मग दुसरीपाशी, मग परत पहिलीपाशी. चाळीस वर्षांत तिच्या बोटांनी तिला कधी फसवलं नव्हतं. त्या दिवशी फसवावं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

वहिनी आली तेव्हा मावशी दोन्ही खुर्च्यांच्या मधे बसली होती.

"काय गं, चेहरा असा का पांढरा पडलाय?"

"काही नाही. वेत भिजवायचाय."

"आणि ही कोणाची? आपल्या खुर्चीची बहीण दिसते."

मावशीने बादली पुढे ओढली. चार दिवसांत तिने खुर्ची विणली. उभे पदर, आडवे पदर, मग तिरके, इतके घट्ट की बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. विणताना तिने स्वतःला अनेक गोष्टी सांगितल्या. लंगडणारी माणसं काय जगात एकच असतात? दादा कधी कॉफी पीत नसे. कचेरीतून सुटला की सरळ घरी यायचा. हां, शेवटचं वर्षभर अर्धा तास उशीर व्हायचा, ते कचेरीत काम वाढलं होतं म्हणून.

पाचव्या दिवशी खुर्ची परत गेली आणि तिच्याबरोबर मावशीही.

"मला इथे बसू दे," ती कॉफीवाल्याला म्हणाली. "शेजारच्या टेबलाशी. संध्याकाळपर्यंत."

"मावशी, कशाला..."

"बसायचं कुठे ते मी गावाला सांगते. आज मी बसणार."

दुपारभर तिने एकच कॉफी पुरवली. गिऱ्हाइकं आली, गेली. कोणी वर्तमानपत्र उलटत होतं, कोणी चमचा वाजवत होतं. बाहेर पावलं चढावरून येत होती आणि तिच्या कानाजवळून जात होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तिला जरा हसूसुद्धा आलं. कुठल्याशा घड्याळात पाच वाजले. दुकान रिकामं होत गेलं.

मग एक पाऊल ऐकू आलं. बाहेर, चढावर. एक पाऊल नीट आणि एक घासत. ते दारापर्यंत आलं. दाराची घंटा वाजली नाही. पण मावशीच्या गालावर वारा लागला, दार उघडल्यावर लागतो तसा.

आणि मग तिच्या उजव्या बाजूला, दोन हात अंतरावर, तिने स्वतः ताणलेल्या वेताचा एक पदर करकरला. नवा वेत पहिल्यांदा भार घेतो तेव्हा करकरतो. तो आवाज तिच्याइतका कोणाला ठाऊक होता? दुसरा पदर. तिसरा. घाईने नाही, एकेक, जपून कोणी टेकावं तसे. शेवटी दांडीवर टाच बसल्याचा, लाकडावर लाकूड ठेवावं तसा, हलका ठक्क.

नंतर श्वास. छोटे छोटे, तुटक. चढ चढून आलेल्या माणसाचे.

मावशी त्या बाजूला वळली. तोंडातून शब्द निघाला तो तिने काढला नव्हता.

"दादा?"

श्वास थांबला.

नाहीसा झाला नाही, थांबला. कोणी पकडलं गेलं की धरून ठेवतं तसा धरून ठेवलेला. मावशी लहान असताना तो कपाटामागे लपायचा आणि ती शोधत जवळ आली की असाच श्वास धरायचा. ती मोजत बसली. दहा, वीस, तीस. एवढा वेळ कोणाला श्वास धरता येत नाही. मग वेत हळूच सैल झाला, एकेक पदर, आणि तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. कॉफीवाल्याच्या हातातून बशी पडली होती.

"तुम्हालाही ऐकू आलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती कमी आणि सुटका जास्त होती. "मला वाटायचं मी एकटाच... बाबांनी खुर्ची माळ्यावर टाकली होती ती याच्यासाठीच. पण संध्याकाळी तिथूनही करकर यायची. बाबा रेडिओ मोठा लावायचे."

मावशीने हात पुढे केला. "इकडे ये. बस. काय झालं होतं इथे?"

तो जमिनीवरच बसला, तिच्या पायांशी.

"ते रोज यायचे मावशी. पाच वीसला. चढाने दम लागायचा त्यांना. छातीचं काहीतरी होतं. घरी कळू देऊ नका म्हणायचे, बायको काळजी करेल. कॉफी नको असायची, आम्हीच गरम पाणी द्यायचो. त्यांचा कप अजून खिळ्यावर आहे. श्वास जागेवर आला की लगेच उठायचे. घरी वाट बघतायत, म्हणायचे. त्या दिवशी उठले नाहीत."

"इथे? या खुर्चीत?"

"हो. मान खाली गेली. कोणाचं लक्ष नव्हतं, दुकान गच्च भरलेलं होतं. बाबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला... मला म्हणाले, खांदा दे. इथे माणूस गेला असं झालं तर या दुकानात कोणी पाय ठेवणार नाही. 'यांना बरं वाटत नाहीये, जरा हवेवर नेतो,' असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून बाहेर नेलं. चार घरं वर. भिंतीला टेकवून बसवलं. आत आलो. थोड्या वेळाने बाबाच ओरडत धावले, कोणीतरी पडलंय, कोणीतरी पडलंय."

मावशीने विचारलं, "श्वास होता?"

तो रडायला लागला. अकरा वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांचा असताना रडायचं राहून गेलं असावं, तसा. "माहीत नाही. त्यांचं तोंड माझ्या मानेशी होतं. मला काहीतरी गरम लागल्यासारखं वाटलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, भास आहे. मला माहीत नाही मावशी. शपथेवर सांगतो, मला माहीत नाही."

"तुला ठाऊक होतं मी कोण ते. म्हणून आलास माझ्याकडे."

"हो. मला वाटलं, तुमच्या बोटांना कळेल. माझ्या तोंडाने सांगवत नव्हतं."

मावशी घरी कशी आली ते तिला आठवत नव्हतं. वाट पायांना माहीत होती, तेवढंच. वहिनीला सांगायचं की नाही, यावर ती दोन दिवस जळत राहिली. सांगितलं तर अकरा वर्षांची खपली निघणार. न सांगितलं तर त्या खुर्चीत कोणीतरी रोज श्वास धरून बसणार. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. पावलं, वेत, टाच, श्वास, खांदा, भिंत. मानेवरचं गरमही सांगितलं. ते वगळावं असं वाटलं होतं, पण वहिनीशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

मटार सोलायचा आवाज मधेच थांबला होता. वहिनी म्हणाली, "छातीचं होतं म्हणाला?"

"हो."

"आणि मला सांगायचं नव्हतं."

"तू काळजी करशील म्हणून."

"शहाणाच होता," वहिनी म्हणाली. मग तिने हात धुतले, चपला घातल्या. "चल. मला तो रस्ता आता नीट आठवत नाही."

उतारावर ती दोनदा थांबली. एकदा पाय घसरला म्हणून. दुसऱ्यांदा का, ते मावशीने विचारलं नाही. कॉफीघरात दोन-चार माणसं होती. वहिनी सरळ आत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याला बाहेर नेऊन ठेवणारा तू का?"

चमचे वाजायचे थांबले.

"हो," कॉफीवाला म्हणाला.

"मी गेली अकरा वर्षं धरून चालले होते की तो एकटा गेला. रस्त्यात, कुत्र्यासारखा. तो एकटा नव्हता. गरम जागी होता, खुर्चीत होता, माणसांत होता. एकटा तुम्ही केलात त्याला." तिचा आवाज वर गेला नाही. "माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ते मला जमेल असं वाटत नाही. पण एक करायचं. इथे जो येईल त्याला सांगायचं, या खुर्चीत एक माणूस गेला, आणि त्याचं पुढे काय केलंत तेही. तुझ्या बापाला ज्याची भीती होती ना, ती तू भोग."

"सांगेन."

"आज, आत्ता. या बसलेल्यांपासून."

त्याने सांगितलं. शब्द गिळत, अडखळत, पण शेवटपर्यंत. एक गिऱ्हाईक मधेच उठून गेलं. बाकीचे बसून राहिले. वहिनीने तेवढ्या वेळात कॉफीवाल्याने पुन्हा बांधलेल्या सुतळीची गाठ सोडली, आणि मावशी "वहिनी, नको" म्हणेपर्यंत ती त्या खुर्चीत बसली.

"वहिनी?"

मावशीने चाचपत तिचा हात धरला. 

"गरम आहे गं," वहिनी कुजबुजली. "खुर्ची गरम आहे. आत्ताच कोणी उठून मला जागा दिल्यासारखी."

त्यानंतर वहिनी रोज पाच वाजता उतार उतरून जायला लागली. त्या खुर्चीत ती पुन्हा बसली नाही; शेजारच्या टेबलाशी बसायची आणि बाजारातले भाव, कुलूपवाल्याची भांडणं, मावशीच्या खोड्या, सगळं हळू आवाजात सांगायची. कॉफीवाला गरम पाणी भरून एक कप त्या खुर्चीसमोर ठेवायचा. काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. काही नवी आली, आणि त्यांतली बरीचशी, खुर्चीकडे पाठ करून बसायला धजत नसत.

महिनाभराने वहिनीने मावशीला बरोबर नेलं. "एकदा हात लावून बघ. काय म्हणतेय वीण?"

मावशीने हात ठेवला. डावा पुढचा काठ ताठ होता. खळगी होती, पण ती मागे सरकली होती, मधोमध, पाठीकडे. कोणीतरी टेकून बसायला लागलं होतं. तिने ते सांगितलं. वहिनीने एक लांब श्वास सोडला.

"पुरे. आता हात लावू नकोस," ती म्हणाली. "कोणी बसलेलं असताना अंगाला हात लावत नाहीत."

मावशीने हात काढून घेतला. शहारे मात्र मनगटापासून कोपरापर्यंत चढले ते चढलेच.

तिचं काम चालूच राहिलं, पण कामाची पद्धत बदलली. पूर्वी ती खुर्ची आली की थेट वेत भिजवायला घ्यायची. आता आधी विचारायची, "हिच्यात कोण बसतं?" बहुतेक लोक लगेच सांगायचे: मी, माझी सासू, येणारे जाणारे. पण कधी कधी समोरचा माणूस उत्तराला जरा जास्त वेळ घ्यायचा. आणि तो वेळ किती वेळा आला, हे कळल्यावर मावशीला पूर्वीची चाळीस वर्षं आठवून झोप लागेनाशी झाली. आपण किती खुर्च्या विणल्या, आणि त्यातल्या किती जिवंत माणसांनी झिजवल्या?

एकदा एका बंद झालेल्या दवाखान्यातून सहा खुर्च्या आल्या. कोण्या बाईंनी स्वतःचं घर सजवायला घेतल्या होत्या. गाडीवाला टाकून गेला. मावशीने पाच बघितल्या, बाजूला लावल्या. सहाव्या खुर्चीवर हात ठेवला आणि तशीच राहिली. ही खळगी लहान होती. फार लहान. आणि खुर्चीच्या हातांवर, आतल्या बाजूने, नखांनी ओरखडल्यासारख्या बारीक रेघा होत्या.

"ही नको," ती वहिनीला म्हणाली. "ही विणायची नाही. गाडीवाल्याला सांग, परत ने."

खुर्ची परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. त्या बाई स्वतः आल्या होत्या. आत येईनात. उंबऱ्याशी उभ्या राहून हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिल्या. तो चरचर आवाज मावशीला ऐकू येत होता.

"पाच ठेवून घेतल्यात," त्या म्हणाल्या. "एक का परत केलीत?"

"तुम्ही त्या दवाखान्यात कधी गेला होतात का?" मावशीने विचारलं.

पिशवीचा बंद पिळायचा आवाज थांबला. मग अगदी हळू आवाजात बाई म्हणाल्या, "माझी मुलगी होती तिथे. पाच वर्षांची होती. तिथेच गेली. मी त्या खुर्च्या उगाच नाही घेतल्या."

वहिनी आतून आली. तिने बाईंचा हात धरून त्यांना आत आणलं, पाटावर बसवलं आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. मावशीने ओले हात पुसले. काय सांगायचं, किती सांगायचं, हे तिला ठरवता येईना.

"तुम्हाला जे कळलं ते सांगा," बाई म्हणाल्या. "काहीही असलं तरी सांगा. मी ऐकायलाच आलेय."

मावशी त्यांच्यासमोर खाली बसली आणि आधी त्या लहान खळगीबद्दल, मग हातांवरच्या रेघांबद्दल सांगायला लागली.